चाखलेली वाटी

"आई, हे पानावर ठेवलं तर चालेल?"

मैत्रेयीने फ्रिजमधून, दह्याच्या पातेल्यामागून, हिरवट बाटली बाहेर काढली तेव्हा सरोजिनीबाई वडे तळत होत्या. आज राजसचं, त्यांच्या एकुलत्या एका मुलाचं, वर्षश्राद्ध. सून त्यासाठी आदल्या दिवशीच पोर्तुगालहून केडगावला आली होती.

राजस तिथल्या समुद्रकाठच्या एका हॉटेलात, कोणत्या जेवणाबरोबर कोणती वाइन घ्यावी ते गिऱ्हाइकांना सांगायचा. त्याच्या वडिलांनी, रविकांतरावांनी, शेजारीपाजारी 'हॉटेल मॅनेजमेंट' एवढंच सांगून ठेवलं होतं. कोणी खोदून विचारलंच, तर ते पाऊसपाण्यावर यायचे. मग एका सकाळी कामावर जाताना राजसच्या स्कूटरला ट्रकने उडवलं. सरोजिनीबाई तेव्हापासून एकदाही रडल्या नव्हत्या. बाई धीराची, असं लोक म्हणत. धीर कसला आलाय, झोपलेल्या पायासारखं आतून सगळं बधिर झालं होतं.

"काय आहे ते?" त्यांनी झाऱ्यावरची नजर न काढता विचारलं.

"पांढरी वाइन. तिकडच्या किनाऱ्यावरचीच. त्याला फार आवडायची. सुट्टीच्या दिवशी तळलेले मासे आणि ही." सोवळ्याच्या स्वयंपाकघरात मासे म्हटल्यावर मैत्रेयीने जीभ चावली.

रविकांतराव सोवळं नेसून दारात आले होते. "श्राद्धाच्या पानावर दारू? अगं, गुरुजी उठून जातील."

"त्याच्या आवडीचं ठेवतात, म्हणून म्हटलं, बाबा."

"वाटीत ओत," सरोजिनीबाई म्हणाल्या.

या घरात श्राद्धाचा स्वयंपाक चाखायचा नाही, हे सासूबाईंनी त्यांना पहिल्याच वर्षी बजावलं होतं. पितरांच्या आधी जिभेला लागलं की ते उष्टं. तेव्हापासून मीठ अंदाजाने पडायचं आणि बरोबर पडायचं. आजही खीर, अळूची भाजी, आमसुलाची चटणी हातांनी आपसूक करून टाकली होती. पोटच्या पोराचं श्राद्ध आहे, हे त्या हातांना कोणी सांगितलंच नसावं.

मैत्रेयीने झाकण फिरवून स्टीलच्या वाटीत वाइन ओतली. सरोजिनीबाईंनी गॅस बंद केला, वाटी उचलली आणि तोंडाला लावली.

थंडगार, आंबट. कोवळी कैरी चावल्यावर येते तशी शिरशिरी दाढांपर्यंत गेली. वर्षभर त्यांना भात आणि औषध एकाच चवीचं लागत होतं. त्यांनी आणखी एक घोट घेतला.

"खारट लागतंय गं शेवटी."

"तोही हेच म्हणायचा," मैत्रेयी हळूच म्हणाली. "समुद्राचा वारा येतो ना तिथे द्राक्षांच्या मळ्यांवर."

फोनवर तो हे एकदा सांगायला लागला होता. "ते मला नको सांगूस, जेवलास का ते सांग," असं म्हणून त्यांनी विषय तोडला होता. ते आठवलं आणि त्यांना वाईट वाटलं. वर्षभरात पहिल्यांदाच.

"उष्टं झालं की ते," रविकांतराव म्हणाले. आवाजात राग कमी आणि अडचण जास्त होती. "आता पानावर कसं ठेवायचं?"

"ठेवायचं. तुमच्या आईवडिलांचं मी कधी चाखलं नाही. पण हा माझा मुलगा आहे. मऊभाताचा घास आधी माझ्या जिभेला लावल्याशिवाय मी कधी त्याच्या तोंडात घातला नाही. भाजलं असतं त्याला."

वाटी घेऊन त्या बाहेरच्या खोलीत आल्या. केळीचं पान मांडून ठेवलं होतं, वडे सोडून बाकी सगळं वाढूनही झालं होतं. वाटी टेकवायला कुठे जागा दिसेना.

रविकांतराव मागोमाग आले. ते गुडघ्यावर हात टेकत खाली बसले. त्यांनी पानावरचा खिरीचा द्रोण थोडा बाजूला सरकवला आणि वाटीपुरती जागा करून दिली.