खांद्याची खूण

केबिनच्या उंचीवरून पाहिलं तर खाली उभ्या असलेल्या माणसाचा पंजा करंगळीच्या नखाएवढा दिसतो. बोटं वेगवेगळी कळतात, पेरं कळत नाहीत. त्या पंजातलं पहिलं बोट आत्ता जमिनीकडे रोखलेलं होतं आणि त्याचं टोक अगदी लहानसं वर्तुळ काढत होतं.

क्रेनच्या खुणांमध्ये याचा अर्थ एकच होतो. आणखी थोडं खाली, सावकाश.

क्रेनवालीने दांड्यावरचा हात हलवला नाही. तिने नजर बोटावरून काढली आणि त्याच माणसाच्या खांद्यावर नेली. खांदा स्थिर होता. म्हणजे बोट फिरत नव्हतं, थरथरत होतं. ती थांबून राहिली. मग खांदा किंचित उचलला गेला, हाताने ऐसपैस वर्तुळ काढलं, आणि तेव्हा कुठे तिने साखळ्यांना टांगलेलं पंपाचं ओतीव कवच खाली सोडलं. जड दार हळूच लोटावं तेवढाच आवाज करून ते बैठकीवर टेकलं.

खांदा हलला तर खूण. नुसतं बोट हललं तर ते दुसरं काहीतरी. हा नियम तिला कुणी शिकवला नव्हता. गेल्या वर्षभरात तो तिचा तिनेच घडवला होता, आणि तिच्याशिवाय तो कुणाला ठाऊक नव्हता. ज्याच्या खांद्याचा नियम होता, त्यालाही नाही.

खाली उभा होता तो तिचा धाकटा दीर. पंपदुरुस्तीच्या या शेडमध्ये त्याला सगळे पुतळा म्हणत. ओझं हवेत असलं की तो जागचा हलत नसे. नाकावर माशी बसली तरी ती उडेपर्यंत तो वाट पाहतो, असं फिटर लोक सांगत. त्याच्या हाताकडे पाहून क्रेन चालवणं म्हणजे आखलेल्या रेघेवरून बोट फिरवणं, असं तिचा नवरा म्हणायचा. तेव्हा या केबिनमध्ये नवरा बसत असे. तो आजारपणात गेला, आणि प्रशिक्षण घेऊन, परीक्षा देऊन ती त्याच्या जागी आली. त्या पहिल्या दिवशी फिटर भिंतीकडेला जाऊन उभे राहिले होते. बाईच्या हातातलं लोड आहे, आपण लांब बरे, असं कुणीतरी मोठ्यानेच म्हणालं. दीर एकटा चालत शेडच्या मध्यावर आला, ठरलेल्या जागी उभा राहिला आणि वर तोंड करून म्हणाला,

"वहिनी, कुणाकडे बघू नका. माझ्या हाताकडे बघा."

तेव्हापासून ती त्याच्या हाताकडेच पाहत आली होती. म्हणून थरथर आधी तिलाच दिसली.

गेल्याच आठवड्यात सुरक्षासाहेबांनी क्रेनची वार्षिक तपासणी करून घेतली. आकड्याचं तोंड रुंदावलं आहे का ते मापून झालं, साखळीची एकेक कडी पाहून झाली, तारेच्या दोरातल्या तुटलेल्या तारा मोजल्या गेल्या. ब्रेकची परीक्षा नेहमीपेक्षा जास्त वजन टांगून घेतली. सगळं ठीक निघालं. तपासणी करणाऱ्यांनी आपली मापं पेटीत भरली आणि ते गेले. ती केबिनच्या शिडीपाशी उभी राहून त्यांना जाताना पाहत होती. एकदा तोंड उघडलंही होतं. पण साहेबांनी "काय बाई, काही राहिलं का?" असं विचारल्यावर ती म्हणाली, "नाही, शिडीचा एक बोल्ट ढिला आहे." बोल्ट खरंच ढिला होता.

बोलली असती तर पुतळ्याला त्या जागेवरून हलवलं गेलं असतं. कुठे बसवलं असतं तेही तिला माहीत होतं: गोदामात, वॉशर निवडायला. तिथे बसणाऱ्याला शेडमधले लोक दिवसातून एकदा हाक मारतात, तीही काही हवं असलं तर.

आणि ती स्वतः वर होती, तोवर घाई कसली होती? तिला खांदा वाचता येत होता. धोका नव्हता. असं म्हणत तिने वर्ष काढलं.

अडचण आली ती लेकीच्या बाळंतपणाची. दिवस भरत आले होते, आणि आईने सुट्टी दोनदा पुढे ढकलली होती.

"आई, ती क्रेन तुझ्याशिवाय जेवत नाही का?" लेकीने फोनवर विचारलं होतं. "तसं असेल तर तिलाच घेऊन ये. पाळणा टांगायला बरी पडेल."

हसणं ओसरल्यावर पलीकडचा आवाज बारीक झाला. मग लेक म्हणाली, "मला भीती वाटतेय गं."

त्यानंतर तिने सुट्टीचा अर्ज दिला. आता ती नसताना केबिनमध्ये पलीकडच्या शेडमधला चालक बसणार होता. पोक्त, अबोल माणूस, कामाला चोख. आज चहानंतर त्याने तिच्या देखत क्रेन चालवून पाहायची, असं साहेबांनी ठरवलं होतं.

चहाच्या सुट्टीत ती मुद्दाम दिराच्या बाकावर जाऊन बसली. आज सांगायचंच, असं शिडी उतरताना तिने घोकलं होतं.

समोर बसलेला फिटर बोलत होता. बंद कसा करायचा ते कुणालाच सापडलं नव्हतं, म्हणून त्याला रेडिओ म्हणत.

"बाई, तुम्ही आजी होणार म्हणजे आमचा पुतळा आजोबा होणार. चुलत का असेना. नातवाला मांडीवर घेतला तर पोराला वाटायचं, बागेत आणून बसवलंय."

"तू जवळपास नसलास तर पोराला झोप तरी लागेल," दीर म्हणाला.

रेडिओ हसत बशी धुवायला गेला. दिराचा चहा तसाच होता. त्याने पेला टेबलावरून उचलला नाही. तोच पुढे वाकला आणि ओठ पेल्याला लावले. हे तिने याआधीही पाहिलं होतं.

"भाऊजी," ती म्हणाली. "एक बोलायचं होतं."

"मलाही." त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "तुम्ही आधी रागावणार नाही म्हणा."

"मी कधी रागावले?"

"सुट्टीवर जाताय ना, तर तिकडे डोळे दाखवून घ्या. चांगल्या डॉक्टरला."

तिला काही समजलं नाही. "कुणाचे डोळे?"

"तुमचे, वहिनी." तो टेबलाकडे पाहत बोलत होता. "वर्ष झालं असेल. मी खूण देतो आणि तुम्ही थांबता. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी हात उचलायच्या आत लोड हलायचं. आता तुम्ही अंदाज घेता. मला खालून कळतं ते. म्हणून तर मी हल्ली हात मोठे करतो, तुम्हाला दिसावेत म्हणून. रेडिओ मला म्हणतो, पुतळा नाचायला लागला. म्हणू दे." तो किंचित हसला. "मी कुणाला बोललो नाही. बोलणारही नाही. मी खाली आहे तोवर काय बिघडतंय?"

तिचा हात पेल्याभोवती होता. पेला गरम होता, तरी तिने तो काढला नाही.

आपण खांद्याची वाट पाहत थांबायचो आणि हा त्या थांबण्यावर पांघरूण घालत होता. तो हात मोठे करायचा आणि आपल्याला वाटायचं, थरथर लपवतोय. दोघं एकमेकांना सांभाळत होती, आणि त्या दोघांच्या मधोमध, साखळ्यांना टांगलेलं लोखंड होतं. त्याखाली लोक काम करत होते.

"वहिनी? रागावलात?"

"नाही."

"मग दाखवाल ना डोळे?"

"दाखवते," ती म्हणाली.

"आणि तुमचं काय होतं?"

"काही नाही. मग सांगेन."

भोंगा झाला. तो उठला, आणि उठताना त्याने उजवा हात खिशात घातला.

बदली चालक तिच्या खुर्चीत बसला, ती त्याच्या मागे उभी राहिली. सकाळचंच कवच पुन्हा उचलायचं होतं. बैठकीवर नवी पॅकिंग घालून ते परत बसवायचं, एवढंच काम. खाली दीर आपल्या जागेवर गेला. बैठकीपाशी रेडिओ होता. थोडं दूर, हेल्मेटचा पट्टा नेहमीप्रमाणे हनुवटीखाली घट्ट लावून, सुरक्षासाहेब उभे होते.

कवच वर गेलं. बदली चालकाचा हात हलका होता, साखळ्या जराही झुलल्या नाहीत. कवच बैठकीवर आलं, खाली आलं, आणि हातभर अंतर राहिलं तेव्हा दिराने पंजा आडवा केला. थांब. कवच थांबलं. रेडिओने पॅकिंग ठेवली. मग दिराचं बोट खाली वळलं आणि कवच इंचाइंचाने उतरू लागलं. मूठभर फट उरली तेव्हा दिराने हात फिरवायचा थांबवला आणि ते पुन्हा थांबलं, कारण पॅकिंगचं एक टोक दुमडलं होतं. रेडिओ वाकला.

दिराचं बोट अजून खालीच होतं. त्याचं टोक फिरत होतं.

"बाई, अजून थोडं खाली म्हणतायत ना?" बदली चालकाने मान न वळवता विचारलं.

तिने खांद्याकडे पाहिलं. खांदा स्थिर होता.

'बोटाकडे नका बघू, खांद्याकडे बघा,' हे शब्द तिच्या ओठांवर आले. ते सांगणं किती सोपं होतं. हा हुशार होता, लगेच शिकला असता. आणि परवा याच्या जागी कुणी आलं असतं तर यानेही त्याला हळूच तेच सांगितलं असतं. ती तोंड उघडून उभी राहिली, एवढाच उशीर झाला. उत्तर आलं नाही म्हणून चालकाने खूण पाळली.

खालून ओरडणं आलं.

"वर! वर घ्या!" ती म्हणाली, पण त्याने आधीच दांडा ओढला होता. कवच उचललं गेलं. बैठकीच्या कडेवर एक रिकामा हातमोजा पडला होता, त्याची दोन बोटं चपटी झाली होती. रेडिओ चार पावलं मागे उभा राहून आपला हात डोळ्यांसमोर उलटसुलट करून पाहत होता. सगळी बोटं होती. त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

"ओझं बाजूला घ्या. ठोकळ्यांवर टेकवा," ती चालकाला म्हणाली. "साखळ्या सैल करा आणि खाली चला."

ते दोघं उतरले तेव्हा खाली माणसं जमली होती.

"हात का घातलास फटीत? पहार कशाला दिलीय?" साहेब रेडिओला विचारत होते. मग ते बदली चालकाकडे वळले. "आणि तुम्ही? थांब दिलेलं असताना खाली सोडलंत?"

"थांब नव्हतं, साहेब. बोट फिरत होतं. हळू खाली, अशी खूण होती."

"पुतळ्याचं बोट?" मागून कुणीतरी म्हणालं आणि दोघंतिघं हसले. "अहो, ते फिरलं असतं तर पेपरात आलं असतं."

"मी डोळ्यांनी पाहिलं," चालक म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. त्याचे दोन्ही हात शरीराला चिकटून होते.

"आज तुमचा पहिला दिवस आहे, म्हणून मी शब्द वापरत नाही," साहेब म्हणाले. "पण तुम्हाला या क्रेनवर बसवता येणार नाही. तुमच्या शेडलाही कळवावं लागेल."

दीर एका बाजूला उभा होता. उजवा हात खिशात. तो चालकाकडे पाहत होता, मग रेडिओच्या हाताकडे, मग त्या हातमोज्याकडे. खूण देताना बोट हलतं हे त्याला खरंच माहीत नव्हतं, असं तिला त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं. किंवा इतका वेळ नव्हतं.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. "बाई, तुम्ही मागेच उभ्या होतात. खूण काय होती?"

तिने उत्तर द्यायच्या आत दीर पुढे झाला. आवाज खाली ठेवून, तिची बाजू राखत तो म्हणाला,

"साहेब, त्यांना नका विचारू. इतक्या वरून वहिनींना नीट दिसलं नसेल."

तो तिला वाट करून देत होता. तिने फक्त मान हलवायची होती. बदली चालकाने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे पाहिलं.

ती चालत जाऊन दिराच्या शेजारी उभी राहिली, त्याच्यापासून हातभर अंतरावर, साहेबांकडे तोंड करून.

"मला नीट दिसलं, भाऊजी," ती म्हणाली. "वर्षभर दिसतंय." तिला वाटलं होतं त्याहून तिचा आवाज मोठा निघाला. "साहेब, या चालकांची काही चूक नाही, बोट हलत होतं. भाऊजींच्या खुणेवर यापुढे क्रेन चालवायची नाही. मी चालवणार नाही आणि दुसऱ्या कुणाला चालवू देणार नाही."