ज्ञानेश्वरीची जागा

“ताई, ते बटण दाबू नका ना.”

मनालीने माउसवरचा हात उचलला. ज्ञानेश्वरी काउंटरला खेटून उभी होती आणि दाराकडे बघत बोलत होती. तिचे वडील, हौसेराव भिलारे, आत्ताच रस्ता ओलांडून मिठाईच्या दुकानात गेले होते. “थांबा मॅडम, आदी पेढं आनतो. मग दाबा, माझ्यासमूर दाबा,” असं बजावून.

कोपरखैरण्यात मनालीचं फॉर्म भरून देण्याचं दुकान होतं. सासऱ्यांनी बांधलेल्या इमारतीतला तळमजल्याचा गाळा, दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन. निकाल लागले की माथाडींच्या वसाहतीतली निम्मी मुलं तिच्याकडेच यायची. त्यांचे पासवर्ड तिच्या वहीत असायचे. ज्ञानेश्वरीचाही होता. इंजिनिअरिंगच्या पहिल्याच फेरीत तिला पहिला पर्याय मिळाला होता. कॉम्प्युटर, आणि तेही नाव असलेलं कॉलेज. ती जागा आज दुपारी तीनपर्यंत स्वीकारायची होती. नाही तर पुढच्या सगळ्या फेऱ्यांतून नाव बाद.

“मग फॉर्म भरताना का नाही बोललीस?”

“घरी बोलले की. आप्पा म्हणाले, गणित शिकून काय करणार, शिकवण्या? ताई, वाशीच्या कॉलेजात बीएस्सीला नाव लागलंय माझं. मॅथ्सला. मला तेच आवडतं. कोडिंगच्या क्लासला मला झोप येते, खरंच सांगते.” तिने आवाज आणखी खाली आणला. “साइट बंद आहे म्हणा ना. तुमचं ऐकतात ते.”

“वेडी आहेस का?” असं मनाली म्हणाली खरी, पण त्यात जोर नव्हता.

बावीस वर्षांपूर्वी मनालीला भूगोल घ्यायचा होता. नकाशे काढायला बसली की तिला जेवणाची शुद्ध राहायची नाही. वडील म्हणाले होते, “बीए त कोनीपन करतं. कॉमर्स घे, बँकेन लागशील.” बँकेत ती कधीच लागली नाही. हिशेबाच्या पुस्तकांचा तिला इतका कंटाळा यायचा, की कशीबशी पास होऊन ती लग्नाला उभी राहिली. त्याबद्दल ती कुणाशी बोलत नसे. बोलण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

हौसेराव परत आले. बाजार समितीतल्या हमालीवरून ते थेट दुकानात आले होते. खांद्यावर, कानामागे, भुवयांत गोण्यांची पांढुरकी धूळ. पेढ्याचा पुडा काउंटरवर ठेवून त्यांनी हात शर्टाला पुसले.

“हां, दाबा आता.”

मनाली पडद्याकडे बघत राहिली. हिरवं बटण समोर होतं.

“काका, सर्व्हर डाऊन आहे,” ती म्हणाली.

“म्हंजी?”

“साइट उघडत नाही. थोडं थांबावं लागेल.”

“थांबू की. आपल्याला काय घाई हाय?” ते बाकड्यावर बसले. ज्ञानेश्वरी त्यांच्या शेजारी बसली.

तेव्हा बारा वाजले होते. हौसेराव तीन तास त्या बाकड्यावरून उठले नाहीत. मुलगी जेवायला चला म्हणाली, तर नको म्हणाले. मधूनच ते काउंटरपाशी येत आणि आजारी माणसाची चौकशी करावी तसं हळूच विचारत, “काय म्हनतंय?” मनाली मान हलवायची. दोन वाजता त्यांनी पडद्याकडे बघून हात जोडले. तिला वाटलं, बास, दाबून टाकावं आणि चालू झालं म्हणून सांगावं. तिने वर पाहिलं. ज्ञानेश्वरी तिच्याचकडे टक लावून बघत होती. मनालीने हात मांडीवर घेतला.

तीन वाजून पाच मिनिटांनी तिने सांगितलं, “काका, मुदत संपली.”

हौसेरावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “आमच्या टोळीत मी कालच पेढं वाटलं,” एवढंच म्हणाले. मग मनालीचा चेहरा बघून त्यांनाच वाईट वाटलं असावं. “तुमी तरी काय करनार, मॅडम? तुमी केलं जेवडं व्हतं तेवडं.” पुडा त्यांनी तिथेच राहू दिला.

ज्ञानेश्वरी वाशीला जाऊ लागली. आठवड्यातून एकदा नोट्सच्या झेरॉक्स काढायला यायची, तेव्हा तिच्या तोंडाची टकळी थांबत नसे. एकदा तिने वहीची चार पानं मनालीपुढे पसरली. “एकाच गणिताला चार पानं लागली ताई. आणि शेवटी उत्तर काय, तर शून्य!” आणि ती इतकी खळखळून हसली की झेरॉक्सला आलेला म्हाताराही हसला. त्या संध्याकाळी मनाली घरी गुणगुणत भाकऱ्या थापत होती. आपल्या हातून आयुष्यात एक तरी धड काम झालं, असं तिला वाटलं.

जानेवारीनंतर ज्ञानेश्वरी यायची थांबली. परीक्षा असेल, मनालीने मनाशी म्हटलं.

मे महिन्यात हौसेराव आले. कमरेला पट्टा होता आणि ते एका अंगाने चालत होते. खिशातून त्यांनी घडी घातलेला कागद काढला.

“बायोडाटा टाइप करायचाय मॅडम. ज्ञानेश्वरीचा.”

“नोकरीसाठी?”

“लग्नासाटी.”

मनालीने कागद घेतला. उंची, रास, मामाचं कूळ. शिक्षणापुढे ‘बारावी सायन्स’ लिहिलेलं होतं.

“काका, ती बीएस्सी करतेय ना?”

“सोडलं. पाठीनं दगा दिला माझ्या. गोनी उचलत न्हाई आता. गावाकडं, जावळीला चाललोय आमी.”

“वसतिगृहात राहिली असती. अजून दोनच वर्षं...”

“मॅडम, इंजनेर म्हनलं की समदी गप बसत्यात.” ते बाकड्यावर सावकाश टेकले. “भावकीला मी सांगून ठिवलं व्हतं, पोरगी इंजनेर व्हनार, चार वरीस लग्नाचा इषय काडू नका. कुनी काडला नसता. मी जाग्यावर पडलो असतो तरी काडला नसता. इंजनेर पोरीला मदी कोन उठवतंय? पन साधं बीएस्सी म्हनल्यावर सगळ्यास्नी तोंड फुटलं. मेव्हना म्हनतो, गनित काय, घरात बसूनबी व्हतंय.”

“ती काय म्हणते?”

“काय म्हननार? बोलतच न्हाई.”

मनाली टाइप करू लागली. नाव, जन्मवेळ, रंग गव्हाळ. बोटं दोनदा चुकली. मग तिने कीबोर्ड बाजूला सारला.

“काका, त्या दिवशी सर्व्हर चालू होता.”

“कुटल्या दिवशी?”

“तुम्ही इथे तीन तास बसला होतात, त्या दिवशी. साइट उघडी होती. मी बटण दाबलं नाही.”

हौसेरावांना ते समजायला वेळ लागला. बाहेर पाण्याच्या टँकरने हॉर्न दिला, कुणीतरी ओरडलं, टँकर निघून गेला.

“तिनं सांगितलं व्हतं?”

“हो.”

“कवा?”

“तुम्ही पेढे आणायला गेलात तेव्हा.”

ते ओरडतील, निदान शिवी तरी देतील, म्हणून मनालीने अंग आवळून धरलं होतं. ते ओरडले नाहीत.

“माझ्या शेजारी बसली व्हती पोरगी,” ते म्हणाले. “तीन तास. मला घाम आला तर वढनीनं वारा घातला तिनं.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “तुमाला सांगितलं. मला न्हाई सांगितलं.”

“सांगितलं होतं काका. तुम्ही ऐकलं नाहीत,” हे शब्द मनालीच्या ओठांपर्यंत आले. बोलायचा आपल्याला काय अधिकार, म्हणून तिने ते गिळले. “अजून कॉलेजला विचारता येईल,” ती म्हणाली. “मी येते तुमच्याबरोबर. उद्याच जाऊ.”

“पावनं शनिवारी येनार हायती. शबूद दिलाय.” त्यांनी काउंटरचा आधार घेतला आणि दोन टप्प्यांत उठले. “छापा तुमी.”

तिने तीन प्रती काढल्या. कागद अजून गरम होते. हौसेरावांनी ते दोन्ही हातांत आडवे धरले, घडी न घालता, आणि दार कोपराने ढकलून बाहेर पडले.

काचेतून मनालीला ते दिसत होते. फुटपाथच्या कडेला उभं राहून ते कागद वाचत होते. एकेका ओळीवर अंगठा ठेवत, ओठ हलवत. शेवटपर्यंत गेले आणि पुन्हा वरून सुरू केलं. दुपारची वेळ होती. रस्ता दोन्ही बाजूंना रिकामा होता, तरी ते ओलांडत नव्हते.