वर पाणी द्यायचं नाही

दुकानातून घरी आली की खांद्यावरची पर्स उतरवायच्या आधी ती एकच काम करायची. ठकीला उचलून ट्यूबलाइटखाली धरायची आणि म्हणायची, "आ कर बघू."

ठकी आ करायची. अडीच वर्षांचं पोर, त्यात एकुलतं एक. तिला वाटायचं, हा रोजचा खेळच आहे. आई मात्र खेळत नसायची. ठकीचे वरचे पुढचे दोन दात हिरडीपाशी आधी खडूसारखे पांढुरके झाले होते, मग पिवळट, आणि आता चक्क तपकिरी. आई बोटाने ओठ वर करून बघायची, तोंडाचा वास घ्यायची आणि मग चौकशी सुरू.

"आज आजीने चॉकलेट दिलं?"

"दिलं."

"बिस्किट?"

"दिलं."

"आणि गोळी?"

"गोई पन," ठकी खुशीत सांगायची.

ओट्याशी उभ्या असलेल्या सासूबाई म्हणायच्या, "अगं, नाही गं दिलं काही. भाजी-भात खाल्लाय तिने आणि अर्धं केळं."

"मग पोर खोटं बोलतंय का, आई? एवढ्याशा जिवाला खोटं बोलता येतं?"

लहान मुलं म्हणजे देवाघरची फुलं, ती खोटं बोलत नाहीत, हे सासूबाईंनीच आयुष्यभर दहाजणांना ऐकवलेलं. त्या नळ जरा मोठा सोडून भांडी विसळायला लागायच्या.

आता हिची बाजूही ऐकून घ्या. औषधांच्या दुकानात दिवसभर उभी. गल्लीत सगळे तिला केमिस्टबाई म्हणत. चिठ्ठी वाचायची, फळीवरून औषध काढायचं आणि तेच ते सांगायचं: ही गोळी जेवणाआधी, ही जेवणानंतर, हे सिरप झोपताना आणि वर पाणी प्यायचं नाही. समोरचा मान डोलवायचा आणि दारापर्यंत जाऊन परत यायचा, "जेवणाआधी कुठली म्हणालात?" मग पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळपर्यंत पायांचं लाकूड झालेलं असायचं आणि तोंडाला फेस यायचा तो वेगळाच. नवरा लिफ्ट दुरुस्त करायच्या कामावर. गावात कुठेही कोणी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलं की हा ताटावरून उठणार. घरी असला तरी बायको आणि आई यांच्यामध्ये तो स्वतःच अडकलेला असायचा. तिथे त्याची हत्यारं काही चालत नव्हती.

एक दिवस ती वैतागून बिस्किटांचा डबा उचलून कपाटावर ठेवून मोकळी झाली. सासूबाईंना चहाबरोबर दोन बिस्किटं लागायची. डबा खाली काढायला स्टूल लागलं असतं किंवा सुनेला सांगावं लागलं असतं. त्यांनी कोणालाच सांगितलं नाही, नुसता चहा प्यायला लागल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. तिच्या ते लक्षात आलं होतं, नाही असं नाही. पण ठकीचे दात डोळ्यांपुढे आले की तिचं मन घट्ट व्हायचं. शेजारीण म्हणायची, "दुधाचेच आहेत, पडायचेच आहेत." तिला ते पटायचं नाही. परवा ठकीने सफरचंदाची फोड चावली आणि भोकाड पसरलं. दुखत होतं पोरीला, आणि कुठे दुखतंय ते सांगताही येत नव्हतं.

मग एका सकाळी सासूबाई म्हणाल्या, "थोडे दिवस लेकीकडे जाऊन येते म्हणते."

थोडे दिवस म्हणजे किती, हे कोणी विचारलं नाही. त्यांनी मोठी बॅग काढली होती, त्यावरून काय ते कळत होतं. त्या गेल्या तर ठकीला पाळणाघरात टाकावं लागणार, नाहीतर हिला नोकरी सोडावी लागणार. ती रात्रभर कूस बदलत राहिली. जाऊ दे, दात तरी वाचतील, असं स्वतःला समजावत राहिली. रागावून चालल्यात, राग निवळला की येतील परत, असंही वाटलं.

दातांच्या दवाखान्यात तिला शनिवारची वेळ मिळाली. सासूबाई रविवारी निघणार होत्या.

डॉक्टरीणबाईंनी ठकीला आईच्या मांडीवरच बसू दिलं. आरसा दाखवला, ठकीलाच हातात धरायला दिला, आणि बोलता बोलता तोंडात बघून घेतलं. "कीड आहे," त्या म्हणाल्या. "दोन दातांना लागलीय आणि शेजारचे दोन त्याच वाटेवर आहेत. गोड किती खाते?"

तिला हाच प्रश्न हवा होता. "मी एक दाणा देत नाही हो. पण दिवसभर आजीजवळ असते. आता मोठ्या माणसाला किती सांगायचं? विश्वास बसत नसेल तर हिलाच विचारा."

"कोण देतं गं तुला चॉकलेट?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आजी," ठकी म्हणाली.

बघा, अशा नजरेने तिने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्या हातमोजे काढत होत्या. सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, "आणि हत्ती? हत्ती देतो का चॉकलेट?"

"देतो."

"आणि हा पंखा?"

ठकीने मान वर करून पंख्याकडे नीट बघितलं. "पंका पन देतो."

कोपऱ्यात हत्यारं उकळायला ठेवणारी नर्स फिस्सकन हसली. ठकीच्या आईला हसू आलं नाही.

"या वयात असंच असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आईला काय ऐकायचंय ते मुलांना बरोबर कळतं. ती आपल्याला खूश करतात बिचारी. बरं, रात्री दूध पीत झोपते?"

"छे! बाटली कधीच सोडवली. रात्री दात मी स्वतः घासते. कितीही दमले तरी चुकवत नाही." हे खरं होतं. कित्येकदा ती बेसिनपाशी उभ्या उभ्या डुलकी घेत घासायची, पण घासायची.

"आणि घासल्यावर?"

"घासल्यावर काही म्हणजे काही नाही. फक्त तिचं औषध. छातीत घरघर होते ना, म्हणून वर्षभर चालू आहे. चमचाभर, अगदी मापाने. झोपताना देते, आणि वर पाणी द्यायचं..."

आणि तिची दातखीळच बसली.

सिरप म्हणजे साखरेचा पाक. हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती, शिकत असताना पहिल्याच वर्षी पाठ केलं होतं. दात घासून लख्ख करायचे, मग त्यांच्यावर पाक ओतायचा आणि पोरीला रात्रभर तसंच झोपवायचं. मुलांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर नुसतं 'रात्री' लिहिलं होतं. वर पाणी नाही, ही तिची स्वतःची भर. दिवसभर दुकानात जे बोलायची तेच घरी हाताने करत आली होती, न विचार करता. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती तिने, आणि चोर रोज ट्यूबलाइटखाली उभा राहून चौकशी करत होता.

"औषध बंद करू नका हं," डॉक्टरीणबाई सांगत होत्या, "ते तिला लागणारच. फक्त आधी औषध, मग पाणी, मग दात. बिनसाखरेचं मिळतंय का ते तिच्या डॉक्टरांना विचारा. हे दोन दात आपण भरू, शेजारचे वाचतील. होतं असं, मनाला लावून घेऊ नका."

होतं असं! त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

घरी येताना ठकी खांद्यावर झोपली. वाटेत आईच्या मनात आलं, सांगायची काय गरज आहे? सासूबाई उद्या जाणार. दात मुळातच कच्चे आहेत म्हणावं, विषय संपला. इतकी दमली होती ती, की हा विचार तिला गादीसारखा मऊ वाटला. बरंच अंतर ती त्याच्यावरच चालली. मग स्वतःचीच शिसारी आली.

सासूबाई पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होत्या. बॅग उघडी होती. तिने ठकीला निजवलं आणि तशीच उभी राहिली.

"आई, तुम्ही काही दिलं नव्हतंत. ते तिच्या औषधाने झालं. माझ्याच हाताने. मी उगाच तुमच्यावर आळ घेतला. चुकलं माझं."

आता बोलतील, असं तिला वाटलं. बोलावंच त्यांनी, मनसोक्त बोलावं. पण सासूबाईंनी हातातला टॉवेल मांडीवर ठेवला.

"नक्की?"

"नक्की. डॉक्टरीणबाईंनीच शोधून काढलं."

"मला वाटलं, मीच देत असेन."

"म्हणजे?"

"अगं, पोर रोज सांगायचं, आजीने दिलं म्हणून. पोर कशाला खोटं बोलेल? म्हटलं, आपण देत असू आणि विसरत असू. माझ्या थोरल्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या विसरायची, शेवटी आम्हाला विसरली." सासूबाई टॉवेलची कड सारखी करत होत्या. "तू दुकानात गेलीस की मी माझ्या पिशव्या उलट्या करून बघायची, चॉकलेटचा कागद सापडतो का. हात हुंगून बघायची स्वतःचे. सापडायचं काही नाही, पण खात्री कशी व्हायची?"

"म्हणून तुम्ही निघालात?"

"मग काय करू? आज गोळी देऊन विसरले, उद्या गॅस चालू ठेवून विसरेन. दिवसभर पोर एकटं असतं माझ्याजवळ."

तिला वाटलं होतं त्या रागाने चालल्यात. रागाची समजूत काढायची तिची तयारी होती. ती पलंगापाशी जमिनीवर बसली, पायात चपला तशाच होत्या. सासूबाईंचे दोन्ही हात तिने धरले. आजवर तिने या हातांकडे बघितलं होतं ते फक्त त्यात काय लपवलंय हे शोधायला.

"म्हणजे नव्हतं ना दिलं मी?"

"नव्हतं, आई."

"एक गोळीसुद्धा?"

"एकसुद्धा नाही."

सासूबाईंनी मान हलवली. मग ठकी जागी होऊ नये म्हणून अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "परत एकदा सांग."

तिने परत सांगितलं.