मखमलीच्या वाफ्यावरची पट्टी

गिताबाईनं चुलीतली राख चाळणीत ओतली आणि वाफ्यावर वाकून चाळणी हलकेच आपटली. पानांवर अजून दव होतं, त्यामुळं राख नीट चिकटून बसली. शेंड्यांवरचा मावा राखेनं आटोक्यात येतो, हे तिला ठाऊक होतं. पण साळुंक्यांना राखेचं काय? तिनं पाठ वळवली रे वळवली की त्या उतरायच्या, लग्नाच्या पंगतीला बसल्यासारख्या ऐटीत, आणि रोपांचे कोवळे शेंडे खुडून पसार व्हायच्या.

रोपं मखमलीची होती. बारीक, गर्द तांबड्या झेंडूची ही जात तिचे मालक हरिबा कोकणातून घेऊन आले होते, मेंढरं घेऊन दर साल तिकडं उतरायचे त्या काळात. धोतराच्या सोग्यात बांधून आणलेलं चिमूटभर बी. पुढं मेंढरं विकली, वडगाव रासाईला नदीकाठी बस्तान बसलं, ऊस आला, पण घरापुढचा मखमलीचा वाफा काही हटला नाही. हरिबा गेले आणि राखणीचा मेळ बसेना. गेल्या साली पाखरांनी वाफा पार साफ केला. बी धरायला जेमतेम दोन-चार झाडं उरली, त्याच बियांची ही रोपं. यंदा ती गेली की मखमल संपलीच. गिताबाईचा जीव त्या वाफ्यात अडकला होता, आणि ते घरात सगळ्यांना दिसत होतं.

सून अनिता सणसवाडीची. भाड्याच्या खोलीत वाढलेली, कुंडीतल्या तुळशीपलीकडं तिनं काही लावलेलं नव्हतं. पण सासूची तगमग तिला बघवत नव्हती.

"आत्या, तुम्ही वढूला बारशाला जावा बिनघोर. पाखरांचं मी बघते."

"दिवसभर दगडं मारीत बसशील व्हय?"

"जावा तर तुम्ही."

गिताबाई गेली, बहिणीच्या नातवाला पाळण्यात घालून आली. पण घुगऱ्या खातानाही तिचं मन वाफ्याभोवतीच घिरट्या घालत होतं.

उन्हं कलताना ती अंगणात शिरली आणि थबकली. वाफ्याच्या कडेनं काठ्या रोवलेल्या होत्या. काठीपासून काठीपर्यंत कॅसेटमधली तपकिरी पट्टी ताणून बांधलेली. नदीकडून वारा आला की ती लखलखायची आणि घूंऽऽ करून वाजायची. साळुंक्या लांब बाभळीवर बसून होत्या. वाफ्यात एकही शेंडा खुडलेला नव्हता.

"शेजारच्या सुवर्णाकाकूंनी सांगितलं," अनिता हरखून म्हणाली. "त्यांच्या डाळिंबाला अशीच लावत्यात. दिवसभर एक पाखरू फिरकलं नाही, आत्या!"

"पट्टी कुठं घावली?"

"तुमच्या पत्र्याच्या पेटीत. टेप तर कधीचाच बिघडलाय. म्हटलं, नुसती पडूनच आहे."

ओट्यावर कॅसेटचं रिकामं खोकं पडलं होतं. त्यावरचा हिरवा कागद गिताबाईनंच भाताच्या शितानं चिकटवला होता, दुसऱ्या कॅसेटींत ती मिसळू नये म्हणून. ती ओट्यावर टेकली. हातातली पिशवी खाली ठेवायचं तिला सुचलं नाही.

"चा टाक घोटभर," एवढंच ती म्हणाली.

टेप नवा होता तेव्हाची गोष्ट. हरिबांनी बटण दाबून आधी मेंढरांना घालतात तशी हाळी घातली होती. मग लहानग्या लेकाला, सत्यजीतला, दटावलं. मग एक ओवी धरली, निम्म्यावर विसरले आणि हसत म्हणाले, "थांब थांब, पुसू नगंस." पुसलं नव्हतं. टेप बिघडल्यापासून ती कॅसेट कुणी ऐकली नव्हती, पण पेटी उघडली की गिताबाई तिच्यावरनं हात फिरवायची. माणूस गेल्यावर माणसाचं ते एवढंच उरलं होतं.

चहा व्हायच्या आत सत्यजीत कंपनीतनं आला. ओट्यावरचं खोकं त्यानं उचललं, वाफ्याकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"अनिता, ह्याच्यात आबांचा आवाज होता गं."

चहाचं आधण तसंच टाकून अनिता वाफ्याकडं धावली. गाठी सोडू लागली. पट्टी ठिकठिकाणी कापलेली होती, कुठं चुरगळलेली होती.

"मला माहीत नव्हतं, आत्या. आईशप्पथ. मी सगळी गोळा करते, कुणीतरी जोडून देईल..."

"दौंडात एक जण हाय जुने टेप दुरुस्त करणारा," सत्यजीत म्हणाला आणि तोही दुसऱ्या टोकाच्या गाठीला भिडला. "बघू, जेवढं वाचंल तेवढं."

गिताबाई उठली. वाफ्यापाशी आली. राखेनं माखलेले शेंडे सगळेच्या सगळे ताठ उभे होते. बाभळीवर साळुंक्या दाटीवाटीनं बसून वाट बघत होत्या.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

"आये, आगं आबांचा..."

"ऐकलं म्या. आज सोडली तर सकाळी एक रोप ऱ्हायचं न्हाई." पदरानं तिनं डोळे पुसले, ते पुन्हा भरले, मग तिनं पुसायचं सोडून दिलं. "जित्तेपणी कवा घरात बसलं न्हाईत ते. पेटीत म्याच कोंडून ठिवलं."

अनिता सोडलेलं टोक हातात धरून तशीच उभी होती. गिताबाईनं ते तिच्याकडनं घेतलं, पट्टीला दोन पीळ दिले आणि काठीला आवळून गाठ मारली.

"सपाट बांधली की नीट वाजत न्हाई, पोरी. पीळ द्यावा लागतोय."

नदीवरनं वारा आला. पट्टी वाजायला लागली, आणि गिताबाई पुढच्या काठीची गाठ आवळायला सरकली.