मणक्यातला गॅप

कडेगावचे डॉक्टर धैर्यशील मोहिते रविवारी सांगलीला सीएमईला निघाले, ते ज्ञानासाठी नव्हे. सीएमई म्हणजे डॉक्टरांनाही पुन्हा शाळेत बसवायची सरकारी तऱ्हा. तासांचे पॉइंट जमले नाहीत, तर नोंदणीचं नूतनीकरण अडतं. म्हणून सही करायची, मागची रांग गाठायची, एसीत डुलकी काढायची आणि जेवण उरकून घरचा रस्ता धरायचा, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा रिवाज होता. त्यात त्या दिवशी बासुंदी होती.

व्याख्यान होतं डॉक्टर शिवांजली पाटणकरांचं. मेंदूच्या डॉक्टर, वयानं लहान, पण जिभेला धार. विषय मल्टिपल स्क्लेरोसिस. मागच्या रांगेत कुणीतरी पुटपुटलं, "हे गोऱ्या लोकांचं दुखणं. आपल्याकडं उसाच्या पट्ट्यात कुठलं आलंय?"

बाईंचे कान तिखट. "आलेलं असतं, सर. पण आपण त्याचं बारसं आधीच केलेलं असतं. पायाला मुंग्या आल्या? मणक्यात गॅप. तोल गेला? मणक्यात गॅप. आपल्या भागात माणसाला मणका कमी आणि गॅपच जास्त!"

सभागृह खो खो हसलं. धैर्यशीलही हसले. कमरेच्या पट्ट्याच्या चिठ्ठ्या त्यांच्याइतक्या कुणीच लिहिल्या नसतील.

बाई पुढं बोलत राहिल्या. शरीराचीच राखणदार फौज उलटते आणि मेंदूतल्या, पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडते. वायरवरचं प्लास्टिक सोललं की कसं होतं, तसं. "बहुतेक रुग्ण तरुण, बायका जास्त. आधी कधीतरी एका डोळ्याला अंधुक दिसतं आणि आपोआप बरं होतं, म्हणून सगळे विसरतात. मग पाय. आणि एक खूण लक्षात ठेवा, उन्हात, गरम पाण्याच्या आंघोळीनंतर, शेकल्यावर त्रास वाढतो."

धैर्यशील खाडकन ताठ बसले. शेक तर त्यांनीच सांगितला होता. समीक्षाला.

समीक्षा म्हणजे धुळा मेंढपाळाची लेक. बापानं मेंढरं वळली, लेक एसटीत कंडक्टर झाली. चोवीस वर्षांची पोर सकाळी गाडीत भिंगरीसारखी फिरायची आणि दुपारी गाडीचा पत्रा तापला की तिचे पाय लटपटायचे. प्रवासी नको नको ते बोलायचे. धैर्यशीलांनी पट्टा दिला, शेक सांगितला. शेकानं ती आणखी खचली, तेव्हा कमरेचा एमआरआय झाला. त्यात एक गादी जराशी सरकलेली दिसली. झालं! सगळ्यांना कारण सापडलं. सांगलीतल्याच एका दवाखान्यात ती कालपासून दाखल होती, आणि सोमवारी सकाळी तिच्या मणक्याचं ऑपरेशन होतं.

सोमवार म्हणजे उद्या.

प्रश्न विचारायला उठायचं म्हणजे दीडशे डॉक्टरांपुढं स्वतःच्या हातानं स्वतःचे कान धरायचे. धैर्यशील क्षणभर खुर्चीला चिकटून राहिले. मग उठले.

"मॅडम, माझी एक पेशंट आहे. मीच गॅप म्हणून पाठवलीय. उद्या तिचं ऑपरेशन आहे."

या वेळी कुणी हसलं नाही. शिवांजलींनी माइक खाली ठेवला. "डोळ्याचं काही?"

"गेल्या वर्षी डावा डोळा अंधुक झाला होता. पंधरवड्यात निवळला."

"मान खाली घातल्यावर काय होतं?"

"ते मी विचारलेलं नाही."

"मग आत्ता विचारा."

जेवणाची पंगत बसत होती. दोघं बाहेर व्हरांड्यात आले आणि धैर्यशीलांनी फोन स्पीकरवर लावला. धुळानं उचलला. "आवं डॉक्टरसायेब, समदं ठरलंय. उद्या सकाळीच आत घेत्यात."

"धुळा, फोन समीक्षाकडं दे. पोरी, हनुवटी छातीला लाव. काय होतंय?"

"करंट बसतो की," समीक्षा म्हणाली. "मानंपासनं पार पायापत्तूर. रोजचंच हाय त्ये. तिकीट काढाय मशीनकडं बघितलं की बसतो."

"मशीनकडं?"

"म्या म्हनलं, मशीनच शॉक मारतंय. डेपोत तक्रार केली. त्यांनी दोनदा मशीन बदलून दिलं, तरी करंट हायच. आता समदी मला हसत्यात."

शिवांजलींनी कपाळाला हात लावला. धैर्यशीलांना हसू फुटलं आणि त्याच घडीला रडूही आलं. "अगं, मग मला का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलंच न्हाई. आन् मशीनचं दुखणं डॉक्टरला कशापायी सांगायचं?"

बासुंदी तशीच राहिली. दोघं तडक दवाखान्यात गेले. सर्जन आडमुठा नव्हता, पण सहजासहजी ऐकणाराही नव्हता. त्यानं कमरेची फिल्म उजेडावर धरली. "गादी सरकलीय, ही बघा. उद्याची सगळी तयारी झालीय."

"गादी सरकलेली असेल," धैर्यशील म्हणाले. "पण मान वाकवल्यावर तिला करंट बसतो. कमरेची गादी मानेतून करंट मारत नाही. आज मान आणि मेंदू बघू. काही निघालं नाही, तर उद्या तुम्ही खुशाल कापा, मी परत तोंड उघडणार नाही."

सर्जननं शिवांजलींकडं पाहिलं. मग समीक्षाचा पाय स्वतः तपासला, गुडघ्यावर हातोडी मारली. पाय ताडकन उडाला. सरकलेल्या गादीनं पाय असा उडत नसतो, हे त्यालाही ठाऊक होतं. त्यानं फिल्म खाली ठेवली आणि एमआरआयवाल्याला फोन केला.

दिवेलागणीला पडद्यावर चित्र उमटलं. मेंदूत पांढरे ठिपके, मानेतल्या कण्यात एक ठसठशीत डाग. शिवांजलींनी बोट ठेवलं आणि सर्जननं स्वतःच उद्याच्या यादीतून समीक्षाचं नाव काढलं. धैर्यशील बाकावर बसले. पोरीची पाठ विनाकारण उघडली गेली असती आणि खरा आजार आत खुशाल चरत राहिला असता.

धुळाला काहीच उमगेना. "मंजी गॅप न्हाई?"

"गॅप माझ्या डोक्यात होता, धुळा."

पाठीतलं पाणी तपासलं, रक्त तपासलं, दुसऱ्या आजारांची शंका फेडली. स्टिरॉइडचं सलाइन सुरू झालं आणि आठवड्याभरात समीक्षाच्या पायांत जीव येऊ लागला. शिवांजलींनी तिच्यापासून काही लपवलं नाही. "हा मुळासकट जाणारा आजार नाही. दावणीला बांधून ठेवावा लागतो. औषध चुकवलंस, तर दावं तोडेल."

"मेंढरं राखणाऱ्याची पोर हाय मी," समीक्षा म्हणाली. "दावं कसं आवळायचं, ते ठावं हाय."

पुढच्या उन्हाळ्यात धैर्यशीलांना सांगलीला बोलावणं आलं, या वेळी व्यासपीठावर. ही केस त्यांनीच सांगायची होती, आपल्या चुकीसकट. त्यांनी गाडी घरीच ठेवली आणि पहाटेची थंड वेळेची एसटी धरली. डेपोनं डॉक्टरांची चिठ्ठी मानून समीक्षाला हीच फेरी दिली होती.

एसटी खच्चून भरलेली. कॉलेजची पोरं, दुधाचे कॅन, भाजीच्या पाट्या. त्या गर्दीतून समीक्षा तिकिटं फाडत येत होती, कुणाला दटावत, कुणाला सरकवत. दांड्याला तिचा हात नव्हता. धैर्यशील गर्दीत उभे राहून नुसते तिच्या पायांकडं बघत होते. इतक्या वर्षांच्या डॉक्टरकीत इतका आनंद त्यांना कधी झाला नव्हता, आणि तो लपवायची त्यांना गरजही वाटली नाही.

तेवढ्यात म्हैस आडवी आली आणि ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. अख्खी गाडी पुढं कलंडली. पोरं पोरांवर, पाट्या पाट्यांवर, आणि डॉक्टर मोहिते थेट दुधाच्या कॅनवर. उभी राहिली होती ती एकटी समीक्षा, दोन्ही पाय रोवून.

तिनं हात देऊन त्यांना उभं केलं, शर्टावरची धूळ झटकली आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आवं डॉक्टर, धरून हुबं ऱ्हावा की! पायात जोर हाय का न्हाई तुमच्या?"