अडीच इंचांची वाट

मी भिंत बोलतेय. घराची नव्हे, शाळेच्या आवाराचीही नव्हे. दोन देशांच्या मधोमध जी उभी केलीय ना, ती मी. अठरा फूट उंच, पायाशी दीड फूट जाड. लांब किती ते मलाच ठाऊक नाही, कारण माझी दोन्ही टोकं मी कधी पाहिलेली नाहीत.

मला दोन बाजू आहेत. एका बाजूला गुळगुळीत गिलावा आणि वर पांढरा रंग. ती ज्यांनी मला बांधून घेतलं त्यांची. दुसरी बाजू नुसत्या विटांची, विटांमधले सांधेसुद्धा न लिंपलेली. ती ज्यांना अडवायचं त्यांची. माझं तोंड घरच्यांकडे आणि पाठ शेजाऱ्यांकडे, असं म्हणा.

मी नव्हते तेव्हा इथे चुना फासलेले दगड होते, हाताहाताएवढे. कच्च्या, म्हणजे विटांच्या बाजूचा एक गवंडी रोज सकाळी डबा घेऊन ते दगड ओलांडायचा. गिलाव्याकडे मोठं शहर, तिथे कामच काम. दिवसभर लोकांची घरं बांधायची आणि संध्याकाळी दिवे लागायच्या आत आपल्या घरी. रिकाम्या डब्यातला चमचा खुळखुळ वाजायचा. तो ऐकला की त्याची बायको चुलीवर पाणी ठेवायची. त्याला कुणी 'कोण रे तू' म्हणून विचारलं नाही. विचारायचं कशाला? तो राहायला थोडाच येत होता.

मग गिलाव्याकडच्या लोकांना वाटलं, बाहेरची माणसं फार झाली, भिंत हवी. वाटणं चूक होतं असं मी म्हणणार नाही. आपल्या घरात कोण येतंय हे प्रत्येकाला कळलं पाहिजे. मी आईच्या जातीची आहे, मला दाराची काळजी कळते. पण भिंत बांधायला गवंडी लागतात, आणि गवंडी सगळे कच्च्या बाजूचे!

पहिल्या दिवशी निघताना बायकोने त्याला टोमणा मारलाच.

"जगात दुसरी भिंत नाही का मिळाली? आपल्याच तोंडावर दार लावायला निघालात!"

"अगं, दीड वर्षाचं काम आहे. आणि मी नाही बांधली तर दुसरा बांधेल, वाकडी."

"वाकडी बांधली तर बरंच होईल. पडेल तरी."

तो हसला. वाकडं बांधणं त्याच्या हाताला जमतच नव्हतं. ओळंबा सोडायचा, एक डोळा मिटायचा, आणि सुतात नसेल तर लावलेली वीट काढायचा. जीव लावून त्याने मला बांधलं. त्या दिवसांत त्याला मुलगी झाली. ठेंगणीठुसकी म्हणून तिचं नाव पडलं बुटकी. ती चार महिन्यांची होती तेव्हा माझं काम संपत आलं.

माल आणायला, माणसांना ये-जा करायला माझ्यात एक फट ठेवली होती. ती शेवटी बुजवायची. मुकादम म्हणाला, "उद्या साहेब लोक येणार, आज रेषसुद्धा दिसता कामा नये." गवंड्याची एक सवय होती. गिलावा करायचा तर तो ज्या बाजूला करायचा त्याच बाजूला उभं राहून, आणि सांधा दिसेनासा होईपर्यंत गिलावा घोटायचा रंधा खाली ठेवायचा नाही. कामात त्याचं भान हरपायचं. फट भरली, गिलावा केला, मागे सरून पाहिलं. सांधा कुठे होता ते मलासुद्धा सांगता येईना. मग त्याने हात धुतले, डबा उचलला, रोजच्यासारखा घरी जायला वळला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

आधी तो हसला. "च्यायला," म्हणाला. मग माझ्यावर तळहात टेकला. गिलावा ओला होता, त्याची बोटं उमटली. ती त्याने स्वतःच रंध्याने पुसली.

मुकादम म्हणाला, "फाटकातून जा." फाटक दीड दिवसाच्या वाटेवर. तिथे जाताना अंगठा घेणार, विनापरवाना काम केलं म्हणून लिहिणार, आणि दहा वर्षं पुन्हा पाऊल टाकू देणार नाहीत. परवाना काढावा तर त्याला इकडचा जामीन लागतो, आणि जामीन व्हायला कुणी तयार नसतं. घर तर त्याच्या कामावर चाललेलं. तो म्हणाला, एवढा हंगाम करतो आणि जातो. रोज संध्याकाळी घरी जाणारा माणूस असा परक्या गावात, पत्र्याच्या खोलीत राहायला लागला. त्याला तिथे ठेवून घेतलं ते मीच. मला बांधलं होतं उलट्या कामासाठी.

माझ्या पायाशी, दर दहा फुटांवर, पाणी निघून जायला अडीच इंची नळ्या आहेत. त्या उतरत्या बसवायच्या असतात. फटीजवळची शेवटची नळी मात्र अगदी सरळ बसली आहे, आरपार दिसेल अशी. हात चुकला असेल. पण त्याचा हात चुकत नसे.

ती नळी बायकोने आठ दिवसांत शोधून काढली. दुपारी बुटकीला घेऊन ती मातीत पालथी पडायची आणि नळीला तोंड लावायची. पलीकडे जेवणाच्या सुट्टीत तो आडवा. गिलाव्याकडचा मिशीवाला पहारेकरी नेमका त्याच वेळी दूर जाऊन तंबाखू मळत बसायचा.

"जेवलात?"

"जेवलो. दात आला का तिला?"

"दोन आलेत. चावते मेली. अहो, तुमचा आवाज बसलाय, काढा घेता का नाही?"

बुटकी वर्षाची झाली आणि हात नळीत घालायला लागली. तिचा हात कोपराच्या वरपर्यंत आत जाई, तरी त्याच्या बोटांपर्यंत पोचत नसे. मध्ये वीतभर अंतर. मग त्याने कानावरची लाल पेन्सिल आत सरकवली. एक टोक तिच्या मुठीत, एक त्याच्या चिमटीत. दोघं ओढाओढी करायची. ती खिदळली की ते हसू माझ्या पोटातून जायचं. महिन्यामहिन्याने तिचा हात वाढत होता. वीतभर अंतराचं तीन बोटं झालं. मी मोजत होते.

एका दुपारी बायको म्हणाली, "काल ही मोरीच्या नळीत तोंड घालून 'बाबा, बाबा' करत बसली होती. सासूबाई हसून हसून बेजार. मला नाही आलं हसू. अहो, तिला वाटतं बाबा म्हणजे नळी."

पलीकडून पेन्सिल हळूच आत सरकली.

आणि माझ्या कामाचं म्हणाल, तर उद्घाटनाला आठवडा झाला नाही तोच कच्च्या बाजूला वीस फुटी शिड्या विकायला आल्या. ज्यांना यायचंच होतं ते आले. उतरायला दोर पुरायचा, गिलाव्याकडून परत चढायला मात्र काही नव्हतं. काही फाटकातून रीतसर कागद दाखवून आले आणि मुदत संपल्यावर परत गेलेच नाहीत. मी अडवल्या त्या शेळ्या, आणि परत जाऊ पाहणारी माणसं.

मग वरून हुकूम आला की नळ्या बुजवा, त्यांतून वस्तू जातात. मुकादमाने गवंड्यालाच बोलावलं.

"साहेब, नळ्या बुजवल्या तर पाणी तुंबेल. भिंत कलेल."

"तुला भिंतीचं पडलंय का पोटाचं?"

तीन दिवस तो एकेक नळी बुजवत आला. चौथ्या दिवशी दुपारी आपल्या नळीशी बसला. घमेल्यात सिमेंटचा माल कालवला. पलीकडे बायको आधीच येऊन पडली होती.

"कोण ठोकतंय हो मघापासून?"

"मीच."

"तुम्हीच बुजवताय?"

"दुसऱ्याने बुजवण्यापेक्षा म्हटलं..."

"बरोबर आहे. फट तुम्हीच बुजवलीत, आता हेही तुम्हीच बुजवा. अर्धं काम ठेवायची सवयच नाही तुम्हाला!" मग ती नळीला अगदी तोंड लावून म्हणाली, "काय खायचं ते बघू आपण. या तुम्ही."

नळीतून छोटा हात आला. बोटं उघडमीट करत पेन्सिल शोधत होती. गवंड्याने पेन्सिल कानावरून काढली, पाहिली आणि पुन्हा कानावर ठेवली. उठला आणि फाटकाच्या वाटेला लागला. घमेल्यातला माल तसाच दगड झाला. कालवलेला माल त्याने आयुष्यात कधी वाया घालवला नव्हता.

निघाल्यापासून पाचव्या दिवशी तो माझ्या कच्च्या बाजूला उभा होता. अंगठ्याला अजून शाई होती. बायको त्याच्याकडे बघेना, पदराने नुसती बुटकीचं नाक पुसत राहिली. नाक वाहत नसतानाही. बुटकी मात्र सुटली ती थेट नळीपाशी. पालथी पडली आणि हात आत घातला.

तो मागे उकिडवा बसला. "बुटके, अगं मी इकडे. हे बघ, पेन्सिल."

तिने मान वळवली, या नव्या माणसाला नीट न्याहाळलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"गप. बाबा येनाल."

आता गवंड्याला इकडे काम नाही. कधी दिवसभर मला पाठ लावून बसतो आणि शिड्यांकडे बघतो. त्याच्या जागी मुकादमाने नवा गवंडी धरलाय. तो त्याच आठवड्यात कच्च्या बाजूनेच, शिडीने आलाय. उरलेली ही नळी तो कधीही बुजवील.

मला पाडा असं मी म्हणत नाही. माझ्यात जवळ एक दार ठेवा. येणाऱ्याचं नाव लिहून घ्या, पण सकाळी येणाऱ्याला संध्याकाळी घरी जाऊ द्या. घरी जाता येत असेल तर माणूस परक्या गावात कशाला राहील?

बुटकी अजून दुपारी येते. बापाशी खेळते, त्याच्या खांद्यावर बसून येते, तरी नळी दिसली की उतरते आणि हात घालते. आता हात चांगला आतपर्यंत पोचतो. तीन बोटांचं अंतर उरलेलं नाही. पलीकडे कुणी नाही. तो उबदार हात माझ्या पोटात वाट बघत राहतो. मला बोटं असती तर मीच धरला असता.