दहा ओळींचा कागद

मी बोलतो, पण त्याआधी तुम्ही घरात किती जण आहात ते सांगा. खरा आकडा सांगा हं. माणसं "एवढेच" म्हणाली की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकते.

मी कुटुंबाच्या नोंदीचा कागद. वर आईवडिलांची जागा, खाली मुलांसाठी दहा ओळी. अमेरिकेतल्या शॉमबर्गमधल्या लायब्ररीच्या प्रिंटरमधून निघालो तेव्हा वाटलं, दहा पुष्कळ झाल्या. ज्ञानदानं मला घरी आणलं आणि माझ्यावर आयर्लंडमधलं गॅलघर कुटुंब उतरवायला घेतलं. मुलं किती? तेरा! दहावर माझी जागा संपली, उरलेल्या तिघांसाठी मागे दुसरा कागद टाचला. टाचलेल्यावर माझा भरवसा नाही. पिन गंजते, कागद सुटतो, आणि तीन लेकरं जन्मलीच नव्हती असं होऊन बसतं.

ज्ञानदा जन्मली इथेच, सासर आयरिश. सासूबाई मॉरीन चौऱ्याऐंशी वर्षांच्या. त्यांच्या पणजोबा-पणजीच्या, म्हणजे याच गॅलघर जोडप्याच्या, थडग्यावर नवा दगड बसायचा होता आणि त्यावर सगळ्या मुलांची नावं कोरायची होती. यादी शुक्रवारी दगड घडवणाऱ्याकडे जाणार होती. एकदा दगड बसला की राहिलेलं नाव राहिलंच.

चौथ्या ओळीवर ब्रिजेट, बाप्तिस्मा १८७९. सहाव्या ओळीवर पुन्हा ब्रिजेट, १८८३. मला लगेच वास आला, काहीतरी घोळ आहे. लग्नानंतर नागपूरहून इथे आलेल्या ज्ञानदाच्या आई, मंजुषाताई, शेजारीच मेथी निवडत होत्या. त्यांनाही आला.

"एका घरात दोघींना एकच नाव कोण ठेवतं? कॉपी करताना डबल झालंय," त्या म्हणाल्या.

"पहिली वारली असेल तर?"

"मग तर मुळीच नाही. गेलेल्या लेकराचं नाव पुन्हा ठेवत नाहीत गं."

हे त्या जरा जास्तच घाईनं बोलल्या. माझ्यासारख्या संशयी कागदानं तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण ज्ञानदाला ते पटलं, तिनं चौथी ओळ पेननं खोडली, आणि मी चोर पकडल्याच्या आनंदात होतो. आता लाज वाटते.

गुरुवारी मॉरीन आल्या. चष्मा लावून एकेका ओळीवरून बोट फिरवत गेल्या, आणि खोडलेल्या ओळीवर बोट थांबलं. मग त्यांनी इंग्रजीत सांगितलं की ती पोर दीड वर्षाची असतानाच वारली. नंतरच्या मुलीला तेच नाव दिलं, त्यांच्याकडे तशी रीत होती, घरातलं नाव घरात राहावं म्हणून. ती दुसरी ब्रिजेट म्हणजे मॉरीनची आजी.

"हिलाच काढलंत, तर माझ्या आजीला नाव कुणी दिलं?" एवढंच त्यांनी विचारलं.

ज्ञानदाचा चेहरा उतरला. तिनं ते नाव माझ्या समासात पुन्हा लिहिलं, आणि दगडासाठी तेरा नावं गेली.

मॉरीन गेल्यावर मंजुषाताईंनी एक कोरा कागद मागितला. माझाच भाऊ, दहा ओळींचा. वर नवऱ्याचं आणि स्वतःचं नाव लिहिलं. ज्ञानदा एकुलती एक, म्हणजे ती पहिल्या ओळीवर येणार हे उघड होतं. पण ताईंनी तिचं नाव दुसऱ्या ओळीवर लिहिलं. झाली चूक, मी मनात म्हटलं.

"आई, पहिली लाइन का सोडलीस?"

"सोडली नाही. तुझा भाऊ आहे तिथे. तीन दिवसांचा होता. बारसंच झालं नाही, तर नाव काय लिहू?"

ज्ञानदा आईजवळ बसली. तिनं पेन घेतलं, पहिल्या ओळीवर 'मुलगा' लिहिलं आणि हळूच तारीख विचारली. ताईंना ती पाठ होती.

आता आम्ही दोघं कागद एकाच फाइलमध्ये आहोत. पुढे कुणीतरी ती उघडेल, बिननावाची ओळ बघेल आणि त्याच्याही मनात पाल चुकचुकेल. चुकचुकू दे, माझी ना नाही. पण बाबांनो, पेन उचलण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या बाईला एकदा विचारा.